उतरत्या रेघेचं सौजन्य

आमच्या गावात माणसाचं मोठेपण मोजायचं असेल तर त्याचं घर, शेत, पोरं काही बघायची गरज नाही. त्याचं नाव कशाकशावर लिहिलंय तेवढं बघायचं. या मापानं माझे शेजारी शिवलिंगप्पा हे गावातले सगळ्यात मोठे गृहस्थ. बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना दानाचा झटका आला, तो अजून उतरलेला नाही. चौकातली पाण्याची टाकी त्यांची. टाकी लहान आणि नाव मोठं, त्यामुळं नळ बसवायला जागा राहिली नाही. शेवटी तो 'प्पा'च्या पोटात बसवला. देवळातला पंखा त्यांचा. पात्यांवर त्यांचं नाव आहे, पण पंखा जोरात फिरला की नाव दिसत नाही, म्हणून भर मे महिन्यातसुद्धा तो एकवरच ठेवायचा अशी त्यांची ताकीद आहे. स्मशानातली शेडसुद्धा त्यांचीच. म्हणजे माणूस जन्मभर शिवलिंगप्पांशी भांडला तरी शेवटी त्यांच्याच सौजन्यानं जातो.

आणि मी? मी, बब्रुवान, भूमच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होतो. माझा आवाज असा होता की माईक बंद पडला तर लोकांना दोन दिवसांनी कळायचं. परांड्याच्या कंट्रोलरनं माझ्याविरुद्ध वर तक्रार केली होती की हा भूममध्ये गाडी पुकारतो आणि आमच्या इथले प्रवासी उठून भूमला जातात. साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि वारा परांड्याकडं वाहत असेल त्या दिवशी हळू बोलायची लेखी सूचना दिली. अशा माणसाचं नाव कुठंही नाही. अपवाद एकच. स्टँडवरच्या एका बाकाच्या पाठीवर कुणीतरी खिळ्यानं माझं नाव कोरलंय, पण त्याच्या पुढं जे विशेषण आहे ते दानाच्या सदरात बसत नाही.

म्हणून आमच्या जिल्हा परिषदेच्या प्रशालेत भिंती बोलक्या करायचं ठरलं, तेव्हा मी पायात चप्पल न घालता पळालो. बोलकी भिंत म्हणजे ज्या भिंतीवर धडे रंगवलेले असतात ती. पोरांनी येता-जाता वाचावं आणि शहाणं व्हावं असा हेतू. एकेक चौकोन एकेका गावकऱ्यानं रंगवून द्यायचा आणि खाली 'सौजन्य' म्हणून आपलं नाव टाकायचं. मी पोचलो तोवर सगळं संपलं होतं. पाढे गेले, बाराखडी गेली, फळं-फुलं-पक्षी गेले. भारताचा नकाशा शिवलिंगप्पांनी घेतला होता. हिंदी महासागर असतो तिथं त्यांचं नाव आलं आणि त्यासाठी श्रीलंका थोडी बाजूला सरकवावी लागली.

"एक चौकोन राहिलाय, आण्णा," मिनाज मॅडम म्हणाल्या. या आमच्या शाळेच्या गणिताच्या बाई. दिसायला एवढ्याशा, पण त्यांच्या तासाला भिंतीवरची पालसुद्धा सरळ रेषेत चालते. "फाटकाच्या शेजारचा. सगळ्यात मोठा. रस्त्यावरनं दिसतो. पण कुणी घेत न्हाय."

"का बरं?"

"विषय रेषीय समीकरण चढ-अंतःखंड रूपात मांडणे."

कुणी का घेत नव्हतं ते माझ्या ध्यानात आलं. शिवलिंगप्पा तर म्हणे हे नाव पुरं ऐकायच्या आत नकाशाकडं वळले. पण मी बघितलं ते एवढंच की चौकोन सगळ्यात मोठा, रस्त्याला लागून, आणि भूमहून येणारी प्रत्येक गाडी त्याच्यासमोर थांबते. मी म्हणालो, "मॅडम, मॅट्रिकला गणितात मला शंभरपैकी शंभर होते. तपासनिसानं वर दोन जास्तीचे दिले होते, ते मी परत केले."

मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मग तर बरंच झालं. आपल्या शाळेची रीत तुम्हाला ठाऊकच हाय. जो भिंत देतो, तोच त्या भिंतीवरचा पहिला पाठ देतो. सगळ्या शाळेसमोर. पाठ झाला की मगच नाव पक्कं."

रीत मला ठाऊक नव्हती. परत येताना बघितलं तर आपले किराणावाले डोळे मिटून 'ज्ञ'पर्यंतची बाराखडी पाठ करत होते आणि गिऱ्हाईक ताटकळलं होतं.

आता भिंत रंगवायची तर परवानगी पाहिजे. शाळेनं सांगितलं, भिंत शाळेची आहे पण तिची रस्त्याकडची बाजू ग्रामपंचायतीची आहे. ग्रामपंचायत म्हणाली, आमची ना-हरकत देऊ, पण आधी शाळेची ना-हरकत आणा. शाळा म्हणाली, ग्रामपंचायतीची ना-हरकत बघितल्याशिवाय आम्ही आमची कशी द्यावी. मी माझ्या नोकरीत अशी कोंडी सोडवलेली होती. एकदा भूमच्या फाटकात जाणारी आणि येणारी अशा दोन गाड्या समोरासमोर आल्या, तेव्हा मी दोन्ही ड्रायव्हर एकमेकांच्या गाडीत बसवले होते. तसंच केलं. ग्रामसेवकाला शाळेत नेऊन बसवलं, हेडमास्तरांना ग्रामपंचायतीत नेऊन बसवलं आणि दोघांना म्हणालो, आता ज्या खुर्चीत बसलाय तिथली सही करा. कागद झाला. फक्त भिंतीचं वरचं टोक, जिथं कावळे बसतात, ते बांधकाम खात्याकडं आहे असं कुणीतरी म्हणालं, म्हणून तेवढं मी सोडून दिलं.

मग शिकायला बसलो. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात मी आणि मॅडम. मॅडमनी फळ्यावर लिहिलं:

४x + २y = १२

"आण्णा, ही एक सरळ रेघ हाय. पण या रूपात तिचं तोंड दिसत न्हाय. ती किती चढती, कुठनं निघती, काय कळत न्हाय. म्हणून वायला एकट्याला एका बाजूला काढायचं. मग एक्ससोबत जो आकडा उरतो तो चढ, आणि जो सुटा उरतो तिथं रेघ उभ्या खांबाला शिवती. तो अंतःखंड."

हे मला लगेच पटलं. मी आयुष्यभर प्रवासी गाडीत चढवले, उतरवले. वाय हा असा प्रवासी की त्याला खिडकीशी एकटं बसायचंय. त्याच्या शेजारी चार एक्स ऐसपैस बसलेत. त्यांना उठवून पलीकडच्या बाकावर पाठवायचं. फक्त पलीकडं जाताना त्यांचं चिन्ह बदलतं, अधिकचं उणे होतं.

हे मी घरी येऊन आमच्या मंडळींना, धुरपताबाईंना सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "त्यात काय नवल. म्या माहेरी अधिक होते. हिकडं आले आन् उणे झाले."

"अगं, हे गणित आहे."

"मग मी काय कीर्तन सांगाय लागले का."

तर चार एक्स पलीकडं गेले. उरलं २y = −४x + १२. आता वायला चिकटलेला दोन. त्याला उठवून पाठवता येत नाही, कारण तो शेजारी बसलेला नाही, मांडीवर बसलेला आहे. त्याला भागाकारानं काढायचं. मी बाराला दोननं भागलं, सहा आले. उत्तर लिहिलं, y = −४x + ६. ऐटीत खडू खाली ठेवला.

मॅडम म्हणाल्या, "आणि चार एक्सला कोण भागणार?"

"तो आत्ताच तर पलीकडून आला, मॅडम. त्याचं चिन्ह बदललंय. लगेच आणखी त्रास कशाला द्यायचा?"

"आण्णा, भागायचं तर सगळ्यांना. सवलत कुणालाच न्हाय."

हे मला लागलं. सवलत नाही? मी एस.टी.तला माणूस. आमच्याकडं ज्येष्ठांना सवलत, महिलांना सवलत, विद्यार्थ्यांना, पत्रकारांना, पुरस्कार मिळालेल्यांना सवलत. पूर्ण तिकिटाचा प्रवासी मी शेवटचा कधी बघितला ते आठवत नाही. एखादा सापडला तर कंडक्टर त्याचा फोटो काढून घ्यायचे. आणि इथं बिचाऱ्या चार एक्सला, तो नुकता उणे झालेला असताना, काहीच सवलत नाही. दोन दिवस मी या मुद्द्यावर मॅडमशी वाद घातला. तिसऱ्या दिवशी त्यांनी तराजू आणला, दोन्ही पारड्यांत सारखे खडू ठेवले, एका पारड्यातला प्रत्येक खडू मोडून अर्धा काढून घेतला आणि दुसऱ्यातल्या अर्ध्याच खडूंचा काढला. तराजू कलला. गणितावर माझा विश्वास बसला तो त्या दिवशी, आणि शासनावरचा थोडा उडाला.

y = −२x + ६. खांबाला सहावर शिवते. मग एक घर उजवीकडं गेलं की दोन घरं खाली. आणखी एक उजवीकडं, आणखी दोन खाली. मी हे इतकं घोटलं की जेवताना भाकरीचे तुकडेसुद्धा ताटात त्याच हिशेबानं मांडायला लागलो. शिवलिंगप्पा कुंपणावरून डोकावून म्हणाले, "बब्रुवान, तब्येत बरी हाय ना?"

"समीकरण सोडवतोय."

"जेवणात?"

"ज्याला येतं तो कशातही सोडवतो," मी म्हणालो. शिवलिंगप्पा आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. एवढं समाधान मला पेन्शन सुरू झाली तेव्हाही झालं नव्हतं.

आता रंगारी. आमच्या पट्ट्यात पाट्या रंगवायच्या तर हनीफ. ट्रकच्या पाठीपासून दवाखान्याच्या पाटीपर्यंत आणि मराठीपासून उर्दूपर्यंत सगळं त्याच्याच हातचं. हनीफ हा कलावंत आहे आणि कलावंताची एक खोड असते. त्याची खोड सावली. प्रत्येक अक्षराखाली तो वेगळ्या रंगाची सावली टाकतो, म्हणजे अक्षर भिंतीपासून सुटून उभं राहिल्यासारखं दिसतं.

"सावली न्हाय टाकली तर अक्षर नंगं दिसतंय, आण्णा," तो म्हणाला. "आपल्या हातनं नंगं अक्षर जाणार न्हाय."

आधी त्यानं चुना मारला. पण त्या भिंतीवर मागच्या निवडणुकीतल्या एका अपक्षाची कपबशी होती, ती चुन्यातून वर यायला लागली. दुसरा हात मारला, तरी कपबशी वर. ती नेमकी दोन्ही आसांच्या छेदावर आली, जिथं शून्य-शून्य असतं तिथं. शेवटी मी म्हणालो, राहू दे, पोरांच्या लक्षात राहील. मग त्यानं चौकटी आखल्या, दोन आस काढले, बाणांच्या टोकांना गोंडे काढले, समीकरण तीन ओळींत लिहिलं, सहावरून आडव्या आसापर्यंत रेघ ओढली. आणि आडव्या आसाच्या खाली, सगळी मोकळी जागा भरून, लाल रंगात, पिवळ्या सावलीसकट: 'सौजन्य: बब्रुवान आण्णा, निवृत्त कंट्रोलर'. रस्त्याच्या पलीकडून वाचता येत होतं. डोळे मिटले तरी वाचता येत होतं.

नाव बघण्यात मी इतका गुंग झालो की वर काय झालंय ते मला दिसलंच नाही. हनीफनं उणे चिन्हालासुद्धा सावली टाकली होती. उणे म्हणजे एक आडवी रेघ, तिची सावली म्हणजे तिच्याखाली दुसरी आडवी रेघ. दोन आडव्या रेघा म्हणजे बरोबरचं चिन्ह. भिंतीवर आता असं दिसत होतं की वाय बरोबर, बरोबर दोन एक्स अधिक सहा. जणू कुणी दोनदा खात्री करून घेतली होती.

पण त्याहून मोठं संकट चालत येत होतं. शाळा समितीचे अध्यक्ष कुमारराव मोटारसायकल उभी करून भिंतीपुढं थांबले. शेजारी शिवलिंगप्पा. दोघांनी मान वाकडी करून रेघ बघितली. डाव्या बाजूला वरून निघून उजवीकडं खाली उतरणारी रेघ.

"आण्णा," कुमारराव म्हणाले, "ही रेघ खाली चाललीय."

"ऋण चढ आहे."

"ते असंल. पण शाळेच्या भिंतीवर उतरती रेघ? भूमहून येणारा माणूस काय म्हणंल? या शाळेची प्रगती दाखवलीय म्हणंल."

शिवलिंगप्पा हळू आवाजात म्हणाले, "आमच्या बँकेत अशी रेघ लागली की मॅनेजरची बदली व्हायची. मी काय बोलत न्हाय. फक्त सांगून ठेवतो."

"गेल्या साली दहावीचा निकाल जरा खाली आला," कुमारराव म्हणाले. "पालक आधीच कुरकुर करत्यात. तुम्ही ती तेरखेड्याच्या फटाक्यातल्या रॉकेटसारखी करा. सुर्र करून वर."

"ती मी काढलेली नाही, अध्यक्ष. समीकरणातून आलीय."

"मग शेवटी जरा वळवा वर. थोडीच."

"सरळ रेघ आहे ती. वळली तर सरळ कशी राहील?"

बोलणं तिथंच थांबलं असं मला वाटलं. मी घरी जेवायला आलो. धुरपताबाईंनी पिठलं केलं होतं, आणि पिठल्यानंतर माणूस पडला की उन्हं कलेपर्यंत उठत नाही. मी परत गेलो तोवर हनीफचं काम संपलं होतं. रेघ सहावरून निघून थेट आभाळाकडं गेली होती. टोकाला त्यानं आपल्या मनानं ठिणग्या काढल्या होत्या.

"अध्यक्ष म्हणाले, आण्णांशी बोलणं झालंय," हनीफ म्हणाला. "कसं दिसतंय?"

दिसत फार सुंदर होतं, ते मी नाकारत नाही. खाली माझं नाव, वर आभाळात जाणारी रेघ. जणू मीच निघालोय. पण समीकरण म्हणत होतं खाली आणि रेघ म्हणत होती वर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परिपाठ झाला की मला सगळ्या शाळेसमोर पाठ द्यायचा होता. मिनाज मॅडम धाराशिवला प्रशिक्षणाला गेल्या होत्या. त्या सकाळच्या पहिल्या गाडीनं येणार होत्या.

त्या आल्या, फाटकात उतरल्या आणि भिंतीपुढं उभ्या राहिल्या. बाकी गाव आधीच जमलं होतं. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या वहाणेनं मातीत काहीतरी उकरत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अध्यक्षांचं ऐकायचं असलं तर मी काय अडवत न्हाय, आण्णा. वर जाणारी रेघ बघायला बरी वाटती. पण खाली नाव तुमचं हाय. माझं न्हाय."

हे वाक्य माझ्या छातीत बसलं. लहान अक्षरात नाव असतं तर गोष्ट वेगळी. पण एवढ्या मोठ्या अक्षरात, पिवळ्या सावलीसकट, चूक?

कुमाररावांनी कानाशी येऊन सांगितलं, "तुम्ही नुसतं वाचून दाखवा. पोरं काय तपासून बघत बसत न्हाईत."

तेवढ्यात नववीतली ज्ञानेश्वरी उभी राहिली. दोन वेण्या, एक वेणी सुटलेली. "आजोबा, एक्स एक घेतला तर वाय चार येतोय. चार सहाच्या खाली असतोय. मग रेघ वर कशी गेली? आन् दोन बरोबर कशाला हाईत?"

शिवलिंगप्पा पुढं सरकले, नीट ऐकू यावं म्हणून. मी एकदा माझ्या नावाकडं बघितलं, एकदा रेघेकडं. 'पोरी, ही रेघ बरोबर आहे, तुझं गणित चुकलं' असं माझ्या आवाजात म्हणालो असतो तर परांड्यापर्यंत लोकांनी मान्य केलं असतं. पण मग रोज प्रत्येक गाडी इथं थांबणार, आणि एखाद्या दिवशी गणित येणारा कुणीतरी खिडकीत बसलेला असणार, आणि तो खालचं नाव वाचणार.

"बरोबर विचारलंस," मी म्हणालो. "भिंत चुकलीय. आता बरोबर काय ते मैदानावर बघू. चला सगळे."

कबड्डीच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीनं दोन आस मारले, घरं पाडली. मग मी माझा जुना आवाज काढला. समोरच्या झाडावरचे पोपट उडाले ते म्हणे तेरला जाऊन बसले. "शिवलिंगप्पा, एक्स शून्य, वाय सहा. तिकडं वर जाऊन उभे राहा. कुमारराव, एक्स एक, वाय चार. हनीफ, दोन, दोन. आणि तीन-शून्यावर मी."

"मी सगळ्यात वर?" शिवलिंगप्पांनी विचारलं.

"सगळ्यात वर. तुमच्यापासूनच तर रेघ निघते. तुम्ही अंतःखंड."

शिवलिंगप्पांनी धोतराचा सोगा सावरला आणि असे उभे राहिले की जणू त्यांचा पुतळा बसवायचाय. चौघांच्या हातात एकच सुतळी दिली. सुतळी ताणली आणि सरळ रेघ झाली. वरून खाली, शिवलिंगप्पांपासून माझ्यापर्यंत. ती अगदी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ होती.

"आता कुमारराव," मी म्हणालो, "तुमच्या मनासारखं करू. तुम्ही एकवरच राहा, पण वर जा. आठ घरापर्यंत. सुर्र करून."

कुमारराव वर गेले. सुतळी शिवलिंगप्पांच्या हाताला हिसका देऊन वर ओढली गेली, हनीफच्या हातून सुटली, आणि सरळ रेघेचं बकरी बांधायचं दावं झालं. पोरं हसायला लागली.

"अध्यक्ष, खाली या," शिवलिंगप्पा ओरडले. "सरळ रेघ मोडली की माझी."

"उतरती हाय ती," कुमारराव तिथूनच म्हणाले.

"उतरती असंल, पण निघालीय कुठनं बघा की. माझ्यापासनं निघालीय. वरनं निघालेली रेघ खालीच जाणार. ती काय आभाळात जाऊन बसंल?" कालपर्यंत मॅनेजरच्या बदलीची भीती घालणारा हा माणूस. एवढं बोलून त्यांनी पोरांकडं बघितलं आणि म्हणाले, "अंतःखंड लई महत्त्वाचा असतो."

कुमारराव चार घरं खाली आले. मोटारसायकलवरून उतरताना माणूस जसा आधी इकडं-तिकडं बघतो तसं त्यांनी बघितलं. मग म्हणाले, "पालकांना हे असंच उभं करून दाखवावं लागंल."

"दाखवू," मिनाज मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा हसताना बघितला. बाकी वर्गानंही पहिल्यांदाच बघितला असावा, कारण दोन पोरं दचकली.

पाठ झाला. रीतीप्रमाणं नाव पक्कं झालं. हनीफनं चढती रेघ पुसली, ठिणग्या पुसल्या, आणि उणे चिन्हाची सावली काढताना तोंड असं केलं की जणू कुणी त्याच्या म्हशीचं शिंग कापतंय. मग खरी रेघ ओढायला घेतली. सहावरून चार, चारवरून दोन, दोनवरून शून्य. आडव्या आसाशी तो थांबला.

"इथं संपवू?"

"रेघ संपत न्हाय," ज्ञानेश्वरी म्हणाली. "एक्स चार घेतला तर वाय उणे दोन येतोय."

उणे दोन म्हणजे आसाच्या खाली. आसाच्या खाली माझं नाव होतं. हनीफनं फूटपट्टी लावून बघितली. रेघ 'बब्रुवान'मधल्या 'ब्रु'वरून शिरत होती आणि 'कंट्रोलर'मधून बाहेर पडत होती.

धुरपताबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी फूटपट्टीकडं बघितलं. "नावावर काट मारल्यागत दिसतंय," त्या म्हणाल्या. "म्या जित्ती असताना तुमच्या नावावर काट न्हाय मारायची."

"आपण बारीक करू, आण्णा," हनीफ म्हणाला. "कोपऱ्यात बसवतो. औषधाच्या बाटलीवर असतंय तेवढं. वाचता येतंय, जवळ गेलं तर."

शिवलिंगप्पा लगेच म्हणाले, "न्हाय तर रेघच थांबवा की आसाशी. पोरांना कुठं कळतंय."

मी ज्ञानेश्वरीकडं बघितलं. तिला कळत होतं. मॅडमना कळत होतं. आणि मुख्य म्हणजे आता मलाही कळत होतं, त्याला इलाज नव्हता. आणि औषधाच्या बाटलीएवढं नाव घ्यायला मी काय खोकल्याचं औषध आहे? परांड्याचे प्रवासी उठून आले ते अशा बारीक आवाजाला आले नव्हते. नाव असावं तर एवढं, नाहीतर नसावं.

मी हनीफच्या हातातून कुंचला घेतला, चुन्यात बुडवला आणि स्वतःच्या नावावर डावीकडून उजवीकडं फिरवला. एका हातात गेलं. शिवलिंगप्पांनी हाय म्हटलं. ते खरोखरच हळहळले, कारण नाव पुसलं जाताना त्यांना बघवत नाही, कुणाचंही असो.

"आता भिंत कुणाची म्हणायची?" कुमाररावांनी विचारलं.

"तुम्ही नका काळजी करू," मी म्हणालो.

त्या भिंतीवर आज ती रेघ आहे. कपबशीच्या वरून निघते, सहावरून खाली येते, आस ओलांडते आणि चुन्याच्या मोकळ्या जागेतून थेट जमिनीपर्यंत जाते. खाली नाव नाही. शिवलिंगप्पांना अजून वाटतं की मी हरलो. त्यांना दानातलं कळतं, बोलण्यातलं कळत नाही. त्यांच्या टाकीवर नाव आहे म्हणून कुणी टाकीपाशी थांबून विचारत नाही की ही कुणाची. लोक एका नजरेत वाचतात, पाणी पितात आणि निघून जातात. संपलं. माझ्या भिंतीपाशी बसमधून उतरलेला माणूस उभा राहतो, मान वाकडी करतो आणि म्हणतो, एवढी सुबक रेघ, पण नाव कसं नाही? मी समोर लिंबाखाली माझी खुर्ची घेऊन बसलेलाच असतो. मी त्याला सांगतो, आणि नीट सांगायचं तर श्रीलंकेपासून सुरू करावं लागतं. मोठ्या अक्षरात सांगतो, सावलीसकट. मॅडम म्हणतात, आण्णा, तुमच्या सांगण्यात सुतळी दर वेळेला लांब होते. होत असेल. रेघ संपत नाही हे त्यांनीच मला शिकवलंय.

परवा एक गृहस्थ सगळं ऐकेपर्यंत त्यांची गाडी निघून गेली. पुढची येईपर्यंत मी त्यांना वाय एकटा कसा काढायचा ते शिकवलं. आता ते भूममध्ये चार लोकांत ऐटीत सांगत असतील. तुम्हाला कुठं जायचंय? बसा. गाडीला अजून वेळ आहे.